टी.व्ही.वरची चूल

मुंबईला जोगेश्वरी नावाचे उपनगर आहे. अंधेरीच्या पुढचे हे रेल्वे स्टेशन. स्टेशनच्या पूर्वेला जुनी लेणी आहेत. ती सुमारे पंधराशे वर्षांपूर्वी खडकात कोरली. आत महादेव आहे आणि जोगेश्वरी देवी आहे. देवीवरूनच गावाला नाव पडले. आता लेण्यांच्या भोवती दाट वस्ती झाली आहे. चाळी आहेत, झोपड्या आहेत, उंच इमारतीही आहेत. कोकणातली आणि घाटावरची पुष्कळ माणसे पोटापाण्यासाठी इथे येऊन राहिली.

तिथे मेघवाडीच्या बाजूला आमच्या गावच्या एक वैनी राहतात. खोली एकच. दहा बाय बाराची. त्यातच ओटा, त्यातच मोरी, त्यातच झोपणे. वैनी पहाटे चारला उठतात. बारा कामगारांचे डबे करून देतात. भाकरी, भाजी, आमटी, भात. सकाळी साडेसातला डबे तयार पाहिजेत. पाच मिनिटेसुद्धा उशीर चालत नाही. कामगाराची गाडी चुकते.

मागे मी मुंबईला गेलो तेव्हा त्यांच्याकडे उतरलो होतो. २०२५ सालचा फेब्रुवारी महिना होता. रात्री जेवणे झाली. शेजारच्या चार बाया येऊन बसल्या. वैनींच्या मुलीने टी.व्ही. लावला. पाहतो तर काय! मोठा दिवाणखाना असावा तशी जागा. तिथे ओळीने शेगड्या मांडलेल्या. प्रत्येक शेगडीपाशी एकेक माणूस घाम पुसत उभा. भिंतीवर मोठे घड्याळ. कोणी कांदा चिरतोय, कोणाचे दूध उतू चाललेय.

एवढ्यात एक म्हाताऱ्या बाई दिसल्या. शेजारची एक बाई ओरडली, "अगं, ही तर 'माहेरची साडी'तली सासू!"

खरेच त्या उषा नाडकर्णी होत्या. 'माहेरची साडी' हा सिनेमा १९९१ सालचा. त्यातली खाष्ट सासू कोणाला आठवत नाही? पंच्याहत्तरी उलटलेल्या त्या बाई शेगडीपाशी उभ्या होत्या.

मी विचारले, "वैनी, हे काय चाललंय?"

वैनी म्हणाल्या, "भाऊजी, ही स्वयंपाकाची कुस्ती आहे."

मला ते बोलणे पटले. या कुस्तीची माहिती आज आपण घेऊ.

ही स्पर्धा कुठून आली?

स्वयंपाकाची स्पर्धा आपल्याला नवी नाही. महिला मंडळात पाककृती स्पर्धा होतात. लग्नाच्या पंगतीत कोणाची बासुंदी चांगली झाली याचीही चर्चा होतेच. मात्र अशी स्पर्धा टी.व्ही.वर दाखवायची, हा प्रकार नवा.

इंग्लंडात १९९० साली बी.बी.सी.ने 'मास्टरशेफ' नावाचा कार्यक्रम सुरू केला. शेफ म्हणजे हॉटेलातला मुख्य आचारी. मास्टरशेफ म्हणजे आचाऱ्यांचा उस्ताद. गंमत अशी, की या स्पर्धेत आचाऱ्यांना प्रवेश नव्हता. घरी रांधणारी साधी माणसे त्यात उतरत. पुढे २००६ साली तिथेच नामवंतांची वेगळी स्पर्धा निघाली. त्यात नट, गायक, खेळाडू असे लोक येऊ लागले. २००९ साली ऑस्ट्रेलियात हा कार्यक्रम फार गाजला. आज पन्नासाहून जास्त देशांनी आपापल्या भाषेत आणि आपापल्या चवीने तो केला आहे.

आपल्या देशात तो २०१० साली हिंदीत आला. पहिल्या वर्षी पंकज भदौरिया जिंकल्या. पंकज हे इथे बाईंचे नाव आहे बरं का. त्या लखनौच्या एका शाळेत शिक्षिका होत्या. नोकरी सोडून त्या स्पर्धेत उतरल्या. २०२३ साली आसामच्या तिनसुकियाचा नयनज्योती सैकिया हा तरुण जिंकला. याचा अर्थ असा, की स्वयंपाक बायांनीच करावा असे काही नाही. चुलीला बाई-पुरुष कळत नाही.

आपल्या मराठीतही असे कार्यक्रम झाले. झी मराठीवर 'आम्ही सारे खवय्ये' बरीच वर्षे चालला. प्रशांत दामले त्यात गप्पा मारत आणि घरोघरच्या सुगरणी आपले पदार्थ करून दाखवत. त्यात हारजीत मोठी नव्हती, कौतुक मोठे होते. २०२१ च्या डिसेंबरात 'किचन कल्लाकार' आला. त्यात नट-नट्यांना स्वयंपाकाला लावले. २०२५ साली 'शिट्टी वाजली रे' आला. त्याचे सूत्रसंचालन अमेय वाघ यांनी केले. त्यातही कलाकारच रांधत होते.

वैनींच्या घरी मी पाहिली ती नामवंतांची हिंदी स्पर्धा. ती २०२५ च्या जानेवारीत सुरू झाली आणि एप्रिलमध्ये संपली. फराह खान, विकास खन्ना आणि रणवीर ब्रार हे तिघे परीक्षक होते. अभिजीत सावंत हा आपला मराठी गायकही त्यात होता. शेवटी गौरव खन्ना हा नट पहिला आला. निक्की तांबोळी दुसरी आली. तेजस्वी प्रकाश तिसरी आली.

कुस्तीचे डाव

आता ही स्पर्धा चालते कशी ते पाहू.

पहिला डाव बंद पेटीचा. प्रत्येकापुढे एक झाकलेली पेटी ठेवतात. झाकण उघडायचे आणि आत जे निघेल त्याचाच पदार्थ करायचा. कधी आत फणस निघेल, कधी नाचणी, कधी नुसती केळी. ज्याचे डोके चालेल तो तरेल.

दुसरा डाव घड्याळाचा. तासाभरात ताट पुढे आले पाहिजे. वेळ संपली की हात वर करायचे. मग कढईत अमृत का असेना, ताटात नसेल तर ते धरत नाहीत.

तिसरा डाव नकलेचा. एखादा मोठा आचारी अवघड पदार्थ करून दाखवतो. तसाच पदार्थ सगळ्यांनी करायचा. रंग तसाच, चव तशीच, आकार तसाच.

चौथा डाव टोळीचा. दोन गट पाडतात आणि शंभर माणसांची पंगत वाढायला सांगतात. इथे एकट्याची हुशारी उपयोगी पडत नाही. कामे वाटून घ्यावी लागतात. ज्यांच्या गावात सप्त्याचा महाप्रसाद होतो, त्यांना हे सांगायला नको.

परीक्षक चव घेतात, आणि चवीबरोबर आणखीही गोष्टी पाहतात. पदार्थ नीट शिजला का? कच्चा राहिला का? ओटा स्वच्छ होता का? ताट देखणे आहे का? सगळ्यात मागे पडलेला माणूस घरी जातो. असे करता करता शेवटी एकजण उरतो.

पडद्यामागे काय असते?

टी.व्ही.वर जे दिसते ते सगळे जसेच्या तसे घडत नसते. ते खोटे असते असेही नाही. पण त्याची काटछाट केलेली असते.

जोगेश्वरीच्या शेजारी गोरेगाव आहे. तिथे डोंगराच्या कुशीत दादासाहेब फाळके चित्रनगरी आहे. सिनेमा आणि मालिका तयार करण्याची ती जागा. जोगेश्वरी, अंधेरी, गोरेगाव या भागातली कितीतरी माणसे या धंद्यावर जगतात. कोणी दिवे लावतो, कोणी सुतारकाम करतो, कोणी कपडे शिवतो, कोणी चहा देतो. वैनींच्या डब्यांपैकी दोन डबे अशाच कामगारांचे आहेत. त्यांच्याकडून ऐकलेली ही हकीगत.

तासभराचा कार्यक्रम तयार करायला अख्खा दिवस जातो. कधी जास्तही. पाच-दहा कॅमेरे एकदम चालू असतात. मग त्यातले कंटाळवाणे कापतात आणि चटकदार तेवढे ठेवतात. कोणी रडले, कोणाचे बोट कापले, कोणाचा पदार्थ करपला, हे मुद्दाम ठेवतात. त्याच्या मागे संगीत भरतात. आपल्या छातीत धडधड होते ती निम्मी त्या संगीताने.

दुसरी एक गोष्ट ध्यानात घ्या. टी.व्ही.तून चित्र येते, आवाज येतो. वास येत नाही, चव येत नाही. आपण फक्त परीक्षकाचा चेहरा पाहतो. तो हसला तर आपण म्हणतो, झकास झालं असेल! म्हणून परीक्षकाचा मान मोठा. आणि म्हणूनच ताट देखणे करण्यावर एवढा भर. घरी तसे नसते. घरच्या पिठल्याला रूप नसते, पण भुकेच्या वेळी त्याच्यासारखे दुसरे काही नाही.

मग एवढा खर्च कोण करतो? बक्षिसाचे लाखो रुपये कोण देतो? मधूनमधून जाहिराती लागतात ना, मसाल्याच्या, तेलाच्या, भांड्यांच्या, त्या कंपन्या पैसे देतात. जितके लोक कार्यक्रम पाहतील तितका जाहिरातीचा भाव जास्त. नामवंतांना बोलावतात ते याचसाठी. ओळखीचा चेहरा असला की चार माणसे जास्त बसतात. साधी बाई स्पर्धेत येते ती जिंकायला. नट येतो तो मानधन ठरवून. दोघांचा घाम सारखाच, पण हिशेब वेगळा.

आपण काय घ्यावे?

हे कार्यक्रम पाहून नुसती करमणूक होते असे नाही. डोळे उघडे ठेवले तर शिकायलाही मिळते.

परीक्षक पुन्हा पुन्हा एकच प्रश्न विचारतात, "असे का केलेस?" आपण घरी हा प्रश्न विचारत नाही. आईने केले तसे आपण करतो. पण प्रत्येक रीतीमागे कारण असते.

ज्वारीच्या भाकरीला आपण गरम पाणी का घेतो? गव्हाच्या पिठात चिकटपणा असतो, त्यामुळे पोळी ताणली जाते. ज्वारीत तो नसतो. गरम पाण्याने पीठ थोडे शिजते आणि धरून राहते. म्हणून भाकरी थापताना चिरत नाही.

डाळीत चिंच आधी का घालत नाहीत? आंबटपणामुळे डाळ लवकर मऊ होत नाही. आधी डाळ शिजवावी, मग चिंच किंवा आमसूल घालावे. जळणही वाचते.

चिरलेल्या कारल्याला मीठ का लावतात? मीठ आतले पाणी ओढून घेते. त्या पाण्याबरोबर थोडा कडूपणाही निघून जातो.

हे ज्ञान आपल्या घरात शेकडो वर्षे आहे. ते लिहून ठेवलेले नव्हते एवढेच. कमलाबाई ओगले यांनी 'रुचिरा' हे पुस्तक लिहिले. ते १९७० साली निघाले. त्यात त्यांनी मापे वाटी-चमच्याने दिली. 'अंदाजाने मीठ' म्हटले की नव्या मुलीला काय कळणार? पण 'एक चमचा' म्हटले की कळते. त्या पुस्तकाने हजारो नव्या संसारांना हात दिला. आता तुम्हालाही वाचता येते. घरातल्या म्हाताऱ्या माणसाचा एखादा पदार्थ मापासकट लिहून ठेवा. ते माणूस गेले की चवही जाते.

मात्र काही गोष्टी टी.व्ही.वरून घेऊ नयेत. तिथे कोथिंबिरीची चार पाने ठेवतात आणि जुडी बाजूला टाकतात. आपल्याला ते परवडत नाही, आणि शोभतही नाही. तिथे महागडी परदेशी भाजी आणतात. आपली नाचणी, वरी, अंबाडी, शेवगा यांत कमी काय आहे? सकसपणा महाग पिशवीतच असतो असे नाही.

चुलीची किंमत

आता मुख्य गोष्ट सांगतो.

घरात बाई दिवसाचे कितीतरी तास रांधते. तरी कोणी विचारले, "तुझी बायको काय करते?" तर आपण सांगतो, "काही नाही, घरीच असते." त्याच कामाला टी.व्ही.वर टाळ्या मिळतात. परीक्षक उठून उभे राहतात. मग ते काम घरी असताना 'काही नाही' कसे होते?

स्वयंपाक ही विद्या आहे आणि विद्येला मोल आहे. आपल्या बायांनी हे टी.व्ही.च्या आधीच दाखवून दिले. १९५९ साली मुंबईच्या गिरगावात सात बायांनी उसने ८० रुपये घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. त्यातून लिज्जत पापडाचा गृहउद्योग उभा राहिला. हजारो बायांना त्याने काम दिले. गिरणगावात कामगारांच्या खानावळी चालवणाऱ्या बाया सावकाराच्या व्याजात बुडालेल्या असत. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी त्यांचे अन्नपूर्णा महिला मंडळ काढले. बायांना बँकेचे कर्ज मिळवून दिले. या बायांना कोणी कॅमेऱ्यापुढे उभे केले नव्हते. पण त्यांनी आपल्या चुलीची किंमत ओळखली.

मुंबईच्या उर्मिला आशर यांचीही गोष्ट ऐकण्यासारखी आहे. गुजराती बाई. तिन्ही मुले त्यांच्या डोळ्यांदेखत गेली. घरात पैशांची अडचण आली. तेव्हा २०२० साली, सत्तरीच्या पुढे वय असताना, त्यांनी नातवाबरोबर लोणची आणि नाश्त्याचे पदार्थ विकायला सुरुवात केली. २०२३ सालच्या मास्टरशेफमध्ये त्या उतरल्या. त्या जिंकल्या नाहीत. पण लोक त्यांना 'गुज्जू बेन' म्हणून ओळखू लागले. २०२५ साली त्या वारल्या. शेवटपर्यंत हात चालता ठेवला. टी.व्ही.ने त्यांना नाव दिले हे खरे. पण लोणच्याची बरणी त्यांनी आधीच भरलेली होती.

वैनींनी काय केले?

वैनींची मुलगी म्हणाली होती, "आई, तूही जा की टी.व्ही.वर. तुझ्यासारखं कालवण कोणाला जमतं?" वैनी हसल्या. पण बोलणे मनात राहिले.

महिन्याभराने त्यांच्याकडे एक माणूस आला. चांगले कपडे, गोड बोलणे. म्हणाला, "मावशी, मी तुमचा नंबर लावतो. स्पर्धेत घेतात तुम्हाला. फक्त पंधरा हजार भरा." वैनींकडे पैसे नव्हते. हातात दोन पाटल्या होत्या. त्या गहाण टाकायचा विचार त्यांनी केला.

वैनी चाळिशीनंतर लिहावाचायला शिकल्या. त्या म्हणाल्या, "कागद दे, मी वाचते." त्या माणसाने कागद दिला. वैनींनी अक्षर अक्षर लावून तो वाचला. कागदावर टी.व्ही. कंपनीचा पत्ता नव्हता. कोणाची सही नव्हती. पैसे एका माणसाच्या खात्यावर पाठवा, असे लिहिले होते. आणि कार्यक्रमाचे नावही चुकीचे होते.

वैनींनी विचारले, "बाबा, माझ्या हातचा घास तर तू खाल्ला नाहीस. मग मी चांगलं रांधते हे तुला कसं कळलं?"

तो माणूस कागद घेऊन जो गेला तो पुन्हा आला नाही.

म्हणून लक्षात ठेवा. स्पर्धेची खरी जाहिरात ती वाहिनी स्वतःच्या कार्यक्रमांतून करते. नाव कुठे आणि कसे द्यायचे तेही तीच सांगते. निवड रांधून दाखवल्यावर होते. पैसे घेऊन निवड करून देतो म्हणणारा माणूस ठग समजावा. फोनवरून कोणी पैसे काढले, तर लगेच १९३० या नंबरावर फोन करावा. हा सरकारी नंबर आहे. जितक्या लवकर कळवाल तितके बरे. आणि खरोखर निवड झाली, तर कागदावर सही करण्याआधी तो पुरता वाचावा. किती दिवस घर सोडून राहावे लागेल, खर्च कोण देईल, हे विचारून घ्यावे.

आणि वैनी? त्या टी.व्ही.वर गेल्या नाहीत. पण परवा त्यांचा फोन आला होता. म्हणाल्या, "भाऊजी, बाराचे वीस डबे झाले. पोरीनं एक वही केली आहे. कोणत्या आमटीला किती मीठ, ते सगळं मी सांगते आणि ती लिहिते. डब्याचा भावही पाच रुपयांनी वाढवला. आधी लाज वाटायची मागायला."

मी विचारले, "गिऱ्हाईक कुरकुरलं नाही का?"

"एकजण कुरकुरला. त्याला म्हटलं, दोन दिवस बाहेर जेवून बघ. तिसऱ्या दिवशी आला परत."

वाचा आणि बोला

१. टी.व्ही.वरच्या स्पर्धेत आचाऱ्यांऐवजी घरी रांधणारी माणसे का घेत असतील?

२. टी.व्ही.वर जे दिसते त्यात काटछाट कशी आणि कशासाठी करतात?

३. भाकरीला गरम पाणी का घेतात? असे आणखी एक उदाहरण तुमच्या घरातले सांगा.

४. वैनींनी कागद वाचला नसता तर काय झाले असते?

५. आज घरी गेल्यावर एक पदार्थ मापासकट वहीत लिहा. ज्याने किंवा जिने तो शिकवला, त्यांचे नाव खाली लिहा.